गोधडीची खोली

अण्णा गेल्यापासून आई एकच शब्द बोलते. चहा करू का? चालंल. डॉक्टरकडे जायचं का? चालंल. दहाव्याला भावकीत मानपानावरून जुंपली, तेव्हाही ती तेच म्हणाली. हीच बाई पूर्वी भाजीत मीठ कमी पडलं तरी घर डोक्यावर घ्यायची.

मी नगरला आर्किटेक्ट आहे. मला रडणं जमत नाही, नकाशे जमतात. म्हणून शिंगणापूरच्या आमच्या घरामागे, चिकूच्या झाडांत, तिला गोधड्या शिवायला खोली बांधायला घेतली. अण्णा गेल्यापासून तिने सुईला हात लावला नव्हता.

उत्तरेला सगळी काच, म्हणजे दिवसभर उजेड, पण ऊन नाही. खिडक्या पार जमिनीला टेकवल्या, कारण गोधडी शिवणारी बाई खाली बसते आणि तिला बसल्या जागी झाडं, विहीर, येणारं-जाणारं माणूस दिसायला हवं. एक चिकू छताच्या आड येत होता. चिकू ठेवला, छत कापलं. एवढं झाल्यावर मला आनंद व्हायला हवा होता. काही वाटलं नाही.

"आई, भिंत पिवळी करू की पांढरी?"

"चालंल."

तेव्हा माझं डोकं सणकलं. आमच्या गावात घराला दार नसतं, नुसता पडदा. राखणीला शनिदेव आहे. मागे मी नुसता दाराचा विषय काढला, तर आईने कितीतरी दिवस माझ्याशी अबोला धरला होता. आता मी मुद्दामच गोरक्ष मिस्त्रीला दार बसवायला सांगितलं.

"ताई, हे मी न्हाई करनार. मावशी मला उभं करायच्या न्हाईत."

"मला तेच हवंय. ओरडू दे तिला."

शेवटी बाहेरगावचा सुतार आणावा लागला.

दार बसलं त्या दिवशी आईला हाताला धरून नेलं. शेजारच्या राहीबाईंनी दार पाहून तोंडाला पदर लावला. मी वाट बघत राहिले. ओरड गं. शिव्या दे. उपटून टाक म्हण.

आईने दार पुढे ढकललं, मागे ओढलं. मग आत जाऊन काचेतून बाहेर बघत उभी राहिली.

"बरं केलंस," ती म्हणाली.

इतक्या दिवसांनी दुसरा शब्द. मला एकदम हायसं वाटलं.

"त्या काचंला जाड पडदं लाव," ती पुढे म्हणाली. "आन् दाराला कडी आतनं बसीव."