मच्छरदाणीत टाकलेली कात

माझ्या जाळीवर एक सेंटिमीटरची रेघ ओढली, तर तिच्यावर बरोबर पाच छिद्रं येतात. डासाला आत शिरायला ती फार लहान. प्रार्थनाकीटकाच्या पायाची नखी अडकायला मात्र अगदी बेताची. यातली दुसरी गोष्ट मला फार उशिरा कळली.

मित्रांनो, मी एक जुनी मच्छरदाणी आहे. तान्ह्या बाळावर छत्रीसारखी उघडून ठेवतात, तसली. एका बाईने आठ तारांवर जाळी ताणून मला शिवलं. पुढे दोन वर्षं मी एका मुलीची झोप राखली. तिची आई दुकानांतले, कारखान्यांतले वजनकाटे तपासते, आणि बोलतेही मोजूनमापून. ती एकदा माझ्याबद्दल म्हणाली, "काम चोख आहे हिचं." तेवढ्यावर मी माळ्यावरची दहा वर्षं काढली.

त्या दहा वर्षांत माझी एक तार सैल झाली. ती घसरली की मी एका दमात मिटते. अशी मोडकी म्हणून मला टाकून द्यायला काढलं, तर मुलीनेच मला ओढून घेतलं. तिने दोन प्रार्थनाकीटक, म्हणजे पुढचे पाय हात जोडल्यासारखे धरणारे हिरवे किडे, पाळले होते, थोरली आणि धाकटी. एकत्र ठेवल्या असत्या तर एकीने दुसरीला खाऊन टाकलं असतं. म्हणून धाकटी बरणीत राहिली आणि थोरली माझ्याखाली आली. जन्मभर किडे बाहेर ठेवले आणि आता किड्याचंच घर झाले!

याच सुमारास आईची वर्षभरासाठी फिरतीवर बदली झाली. मुलीला बरोबर न्यावं, तर वर्षात तीन शाळा. मावशीकडे ठेवावं, तर वर्षभर ताटातूट. मावशी रोज सकाळी फोन करून विचारायची, काय ठरलं? आई म्हणायची, बघते. तीन महिने हे 'बघते' चाललं होतं. सतत नवी जागा, त्यात वाढत्या जिवाची आबाळ होईल, ही एकच भीती तिला खात होती. शेवटी सुट्टीत आठ दिवस मुलीला बरोबर नेऊन पाहायचं ठरलं. किडे मात्र मावशीने नाकारले. "भाचीला डोळ्यांत तेल घालून सांभाळीन. तिच्या किड्यांना नाही," ती म्हणाली.

मग आम्हीही निघालो. थोरली आणि धाकटी दोन वेगळ्या बरण्यांत, तोंडाला पातळ कापड, आत एकेक काटकी. बरण्या पायाशी पिशवीत, सावलीत. गाडी चालू असताना खायला काही नाही. थांबलं की कापडावर बोटाने पाण्याचे चार थेंब. मुक्कामाला पोचलं की थोरली माझ्याखाली. मुलगी यातलं काहीही विसरली नाही. आईच्या कचेरीच्या गाडीचे ड्रायव्हरकाका म्हणाले, "माझ्या गाडीत साहेब बसले, बकरीही बसली. असले पाहुणे पहिल्यांदाच."

चौथ्या दिवशी थोरलीने खाणं सोडलं. तिच्या पाठीवरचे पंखांचे कोंब फुगले होते. पाचव्या दिवशी सकाळी विश्रामगृहात सामान बांधून झालं, आणि माझ्या छताला उलट्या लटकलेल्या थोरलीची पाठ उकलली. ही तिची शेवटची कात. यातून पंख येणार होते. पण अर्ध्यावर पडली असती तर पंख आणि पाय कायमचे वाकडे झाले असते.

काका सामान न्यायला वर आले. उशीर होतोय, किडा काय दुसरा मिळेल, असं पुटपुटत ते जवळ आले आणि वाकून बघू लागले. मग कुणी न सांगता त्यांनी जाऊन पंखा बंद केला.

घरी मी सतरंजीवर उभी असायचे. इथलं टेबल गुळगुळीत होतं. माझी सैल तार बाहेर सरकू लागली. मी सगळा जोर लावला, पण तारेला कुठे जोर असतो? छत थरथरलं. थोरली निम्मी बाहेर, जुन्या कातडीच्या आधाराने डोकं खाली करून लोंबत होती.

आईच्या तपासणीच्या पेटीत पोलादी वजनं होती. हातमोज्यांशिवाय त्यांना कुणी शिवायचं नाही, घामाने वजनात फरक पडतो, हा तिचा वीस वर्षांचा नियम. तिने पेटी उघडली, दोन किलोचं वजन उघड्या हाताने उचललं आणि तारेच्या पायाशी टेकवलं.

"आई, हातमोजे!"

"राहू दे. तू तिच्याकडे बघ."

तार थांबली आणि मी उभी राहिले. आईने कचेरीत फोन करून सांगितलं, उद्या येते, आणि एक वजन पुन्हा तपासून घ्यावं लागेल.

थोरलीने जाळी धरली आणि ओढून स्वतःला पूर्ण बाहेर काढलं. माझ्या छिद्रांत तिची एकूण एक नखी घट्ट बसली. तासाभरात पंख उलगडले. लांब, फिकट हिरवे, एकही सुरकुती नसलेले. घामाने निथळणारे काका म्हणाले, "आपल्याला जमलं बुवा." त्यांच्या त्या 'आपल्याला'मध्ये मी स्वतःलाही धरून घेतलं.

मित्रांनो, वाढणाऱ्या जिवाला जागा कोणतीही चालते. वर धरायला काहीतरी पक्कं हवं, आणि घटकाभर त्याला कुणी हलवू नये. एवढं सांभाळा. आणि जुनं काही टाकून देण्याआधी एकदा उघडून बघा.

तेवढ्यात मावशीचा फोन आला. तिने रोजचाच प्रश्न विचारला. आईने आधी पंखांकडे पाहिलं, मग जमिनीवर बसून पंखांची लांबी वहीत लिहिणाऱ्या मुलीकडे.

"ताई," ती म्हणाली, "तीन शाळा होतील, होऊ देत. ती माझ्याबरोबर येतेय."