ऑगस्टचं निळं वेष्टन

“दूरच्या गं पाहुण्याला पाठीशी देते दोरा,
पान पान सांभाळीते, नको लागू दे वारा…”

दौंडच्या स्टेशनामागे एका दुकानात रतनबाई मला शिवता शिवता अशी गुणगुणत होती. ती पुस्तकं बांधायची. तीन वर्षं झाली, तरी तो आवाज माझ्या शिवणीत मुरलेला आहे. मित्रांनो, मी एक जुना ग्रंथ आहे. पाखरांच्या अभ्यासाचा.

माझा जन्म काही एका दिवसात झाला नाही. विलायतेत छापलेले माझे सहा अंक एकामागून एक बोटीने आले, दौंडला रेल्वेत असलेल्या एका साहेबाकडे. प्रत्येक अंकाला निळं वेष्टन, आणि वेष्टनावर महिना अन् साल. शेवटचा अंक रेंगाळला. तो निघाला पुढच्या वर्षी. त्याच्यासोबत साऱ्या अंकांच्या पुढे लावायचं नावाचं पान आलं, त्यावरही पुढचंच साल पडलं. म्हणजे माझं खरं वय सांगणारी ती निळी वेष्टनंच तेवढी होती.

साहेब गेला. मी शिरूरच्या कॉलेजात आलो आणि कपाटात पडून राहिलो. कुणी हात लावीना. मग एक दिवस हौसराव सरांनी माझ्यावरची धूळ फुंकली. घोडनदीकाठी, माळावर दिसणाऱ्या एकेका पाखराचं शास्त्रीय नाव पहिल्यांदा कुठल्या ग्रंथात, कुठल्या पानावर, कुठल्या महिन्यात छापलं गेलं, याचा माग सर काढत होते. ज्याने आधी छापलं, त्याने ठेवलेलं नाव जगभर चालतं. मागून आलेलं गळून पडतं.

माझ्या तिसऱ्या अंकात एका करड्या चंडोलाचं नाव छापलं होतं. ऑगस्टात. त्याच वर्षी नोव्हेंबरात दुसऱ्या एका विद्वानाने त्याला वेगळं नाव दिलं, आणि माझ्या नावाच्या पानावरचं पुढचं साल पाहून सगळीकडे तेच रूढ झालं. सरांनी माझं निळं वेष्टन स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, तारीख वहीत उतरवली. त्या दिवशी त्यांनी मला उशाला घेतलं नाही एवढंच!

पुढे मला कसर लागली. सर घाबरले. त्यांनीच मला दौंडला बांधायला दिलं. चिठ्ठीवर लिहिलं, ‘पक्की बांधणी, पाठीला आतून नवं अस्तर.’ वेष्टनं राखा, हे लिहायचं मात्र राहून गेलं. अंक बांधताना वेष्टनं काढून टाकायची, अशी बांधणाऱ्यांची रीतच असते.

१९७६ साली सरांनी आपला शोध छापायला पाठवला. मुंबईहून संपादकांचं उत्तर आलं, ‘ग्रंथावर तर पुढचं साल आहे. वेष्टनाचा फोटो शनिवारपर्यंत पाठवा, नाहीतर आपण ते पाहिल्याचं विधान मागे घ्या.’ सरांचा शब्दच खोटा ठरत होता. शुक्रवारी मला पिशवीत घालून ते दौंडच्या एस.टी.त बसले.

“रतनबाई, याची निळी वेष्टनं कुठं आहेत?”

“टाकली की सर. समदेच टाकत्यात.”

ती खळ ढवळत राहिली. खळीत एकही गुठळी नव्हती.

“नीट आठवून बघा. माझी अब्रू अडकलीय त्यात.”

कोपऱ्यात तिची जाऊ चांगुणा कागद दुमडत होती. ती हसली. “पाखराच्या नावापायी येवढा घोर? त्या चंडोलाला तरी ठावं हाय का, त्याचं बारसं कवा झालं त्ये?”

“बारसं कधी झालं हे चुकलं की नाव ठेवणारी आत्याच बदलते, बाई,” सर म्हणाले. त्यांना हसू आलं नाही.

मित्रांनो, मला सगळं ठाऊक होतं. ती वेष्टनं माझ्याच पाठीत होती! पण पुस्तकाला तोंड कुठलं? रतनबाईला वाटत होतं, आपली लबाडी कळली तर कॉलेजचं काम सुटेल. तिची भीती मला कळत होती, आणि सरांचा हात माझ्या पुठ्ठ्यावर होता. म्हणून तुम्हाला विनवतो, जुनं पुस्तक दुरुस्तीला द्याल, तेव्हा त्यातलं टाकाऊ वाटणारं पानही एकदा वाचा. आणि काय काय राखायचं ते बांधणाऱ्याला तोंडाने सांगा.

सरांनी कागद काढला. एकेक शब्द ओढत लिहिलं, ‘वेष्टने बांधणीत नष्ट झाली. मी ती पाहिली होती, हे सिद्ध करता येत नाही. माझे विधान मागे घेतो.’ मग कागद तिच्यापुढे सरकवला.

“नष्ट झाली याला साक्षीदार म्हणून सही करा, रतनबाई. चारच्या टपालाने जाऊ दे.”

रतनबाईने पदराला हात पुसले. पेन घेतलं. ‘र’ काढला, आणि पेन खाली ठेवलं. चांगुणाचा हात कागदावर थांबला.

“न्हाई करत सही,” रतनबाई म्हणाली. “सर, तवा दुकानात नवं अस्तर नव्हतं. तुमची निळी पानंच म्या खळीनं ह्येच्या पाठीला चिकटिवली, आन् नवं घातलंय म्हणून तुमच्या तोंडावर खोटं बोलले. आतच हायेत ती. ऊन पाण्यानं खळ सुटंल. आणा हिकडं. मी शिवलंय, मीच उसवते.”