फळ्यावरचे ‘ऑलरेडी’

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. म्हातारे फळे शाळेच्या गोड आठवणी सांगतात. मी मात्र आधी मला कशाची किळस आली ते सांगणार आहे.

कवठे महांकाळजवळच्या एका गावात नाथाजी सुताराने आंब्याच्या फळ्या जोडून मला घडवले. बॅटरीच्या जुन्या सेलातली काळी पूड पाल्याच्या रसात खलून मुलांनी ती माझ्या अंगाला चोळली. हायस्कूलच्या नववीत मला टांगले, तेव्हा हेडमास्तर आण्णा म्हणाले, "फळा झ्याक झालाय." मी फुगून गेलो. भूमितीची वर्तुळे, नद्यांचे नकाशे, सुविचार, सगळे मी हौसेने अंगावर मिरवले.

मग इंग्रजी शिकवायला आप्पासो सर आले. सांगलीला विश्रामबागेत राहून शिकलेले, नेहमी इस्त्रीच्या शर्टात. तंबाखू मळून झाली की बोटाला उरलेला चुना ते माझ्या चौकटीला पुसत. त्याचे पांढरे पापुद्रे कोपऱ्यात साचत. पण ती घाण ओल्या फडक्याने निघे. सरांचे वाक्य काही निघत नसे.

पूर्ण भूतकाळाचा धडा आला की दरवर्षी एकच वाक्य. ‘द पेशंट हॅड ऑलरेडी डाइड व्हेन द डॉक्टर केम.’ डॉक्टर आले तेव्हा रोगी आधीच मेला होता.

"दोन गोष्टी घडून गेल्या," सर सांगत. "जी आधी घडली तिला हॅड. ऑलरेडी, जस्ट, नेव्हर ही मंडळी हॅडच्या मागोमाग बसतात. म्हणा!"

आणि सारा वर्ग पाढ्यासारखा ओरडे. मेला होता, मेला होता. त्या रोग्याला किती वर्षे किती पोरांनी मारले असेल, देव जाणे.

१९७५ साली नववीत भामा होती. तिचा थोरला भाऊ अर्जुना विहिरीच्या कामावर होता. सुरुंगाचा दगड छातीत बसून तो गेला. सुतक फिटल्यावर भामा शाळेत आली आणि त्याच आठवड्यात सरांनी ते वाक्य लिहिले.

मागच्या बाकावरून सिद्धू खिदळला, "सर, हे तर भामीच्या दादाचंच हाय की!"

वर्ग हसला. आता सर सिद्धूचा कान पिळतील असे मला वाटले. सर तर खूश झाले.

"वा! जिवंत उदाहरण मिळालं. भामा, इकडं ये. पेशंटच्या जागी माय ब्रदर घाल आणि लिही."

मित्रांनो, मला शिसारी आली. पळून जायला पाय असते, तर मी तेव्हाच भिंत सोडली असती.

भामा आली. खडू घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. मग तिने लिहिले, ‘माय ब्रदर हॅड नॉट येट डाइड व्हेन द डॉक्टर केम.’

"चूक," सर म्हणाले. "नॉट येट कुठून आणलंस? ऑलरेडी हवं."

"डॉक्टर आलं तवा दादा जित्ता हुता, सर. त्यानं पाणी मागितलं. मीच पाजलं. मग जीपमधी घालताना गेला."

"घरचं नको सांगूस. परीक्षेत ऑलरेडी विचारतात."

सरांनी डस्टर फिरवला. भामाने पुन्हा तेच लिहिले. सरांनी ते तळव्याने खसाखसा पुसले, आपले वाक्य लिहिले आणि वर्गाकडे वळले. "म्हणा रे सगळे!"

कुणी तोंड उघडले नाही.

"सिद्धू, तू म्हण!"

सिद्धू उठला. त्याचे हसू कुठल्या कुठे गेले होते. "मी न्हाई म्हणणार, सर."

छडी सपकन बसली. त्याने दुसरा हात पुढे केला. त्याच्या शेजारचा धुळा उभा राहिला. मग मुलींचा पहिला बाक उठला. छडीचा आवाज ऐकून आण्णा दारात आले. एका पोराकडून त्यांनी काय झाले ते ऐकले, मग मला वाचले.

"काय गं भामा, तुला ऑलरेडी येत नाही?"

"येतंय, सर. पर दुसरं वाक्य द्या. हे माझ्या दादाला लागू न्हाई."

आण्णा म्हणाले, "आम्ही स्टँडवर पोचलो तेव्हा एसटी आधीच गेली होती. लिही."

भामाने लिहिले. हॅड जागेवर, ऑलरेडी जागेवर. एक अक्षर चुकले नाही.

"आप्पासो," आण्णा म्हणाले, "तासाला रोगी मारायचं आता बंद करा. आणि पोरीची माफी मागा."

सरांनी खडूची पेटी उचलली. "तास संपला," म्हणाले आणि निघून गेले. माफी त्यांनी कधीच मागितली नाही. पुढच्या वर्षी त्यांची वडूजला बदली झाली. तिकडून आलेल्या एका मास्तरांनी आण्णांना सांगितले, तिथेही रोगी मरतोच आहे.

भामा मॅट्रिक झाली. १९७९ साली भिंतीवर सिमेंटचा फळा आला आणि मी मोडक्या बाकांमागे जाऊन पडलो. अंगावर पालींची घाण पडते, उंदीर कडा कुरतडतात. त्याची किळस मला येत नाही, ते बिचारे मुके जीव.

मित्रांनो, तुमच्यातले कुणी उद्या मास्तर व्हाल. तुमच्या वर्गातल्या फळ्याला वर्षातून एकदा रंग द्या, ओल्या फडक्याने पुसा. ते जमले नाही तरी तो रागावणार नाही. पण त्याच्यावर कुणाचे मरण लिहायचे असेल, तर खडू टेकवण्याआधी मागे वळा आणि बाकांवर कोण बसले आहे ते बघा.