गुरुवारचं अचानक

पट्टी सरांना मुलं पट्टी सर म्हणत, ते मार खाऊन नव्हे. सरांनी जन्मात कुणाला टपलीसुद्धा मारली नव्हती. रोज सकाळी फळ्याच्या कोपऱ्यात लाकडी पट्टीने रेघा आखून ते दिवसाचे तास लिहीत, म्हणून ते पट्टी सर. गणित गणिताच्या घरात, भाषा भाषेच्या घरात. रेघ जरा तिरकी गेली की पुसून पुन्हा. चौथीची पोरं वर्गात शिरली की आधी त्या चौकटीकडे बघत आणि मगच दप्तर खाली ठेवत.

सगळ्यांत जास्त वेळ बघायची ती 'उद्या'.

हे नाव तिला वर्गानेच ठेवलं होतं. शाळा सुटली की बाकीची मुलं दावं सुटलेल्या वासरांसारखी दाराकडे धावत. ही मात्र दप्तर पाठीला लावून टेबलापाशी यायची आणि विचारायची, "सर, उद्या काय?" सर सांगत. पहिला तास कुठला, खेळाचा तास आहे की नाही, ती खिडकीशेजारीच बसणार आहे की नाही. मग ती एकदा मान हलवायची आणि निघायची.

तिला शाळेत घालायला आत्या आली होती. आत्या कपड्यांच्या कारखान्यात शिवणावर होती आणि तिचं बोलणंही मशीनसारखंच होतं. थांबलं तर दोरा तुटला असं समजायचं. "हिचे आईवडील कामासाठी लांब," ती म्हणाली होती. "आधी आजोळी ठेवली चार दिवस, मग मावशीकडे चार दिवस, आता माझ्याकडे चार दिवस. चार दिवस म्हणायचं आणि वर्ष काढायचं! मागच्या शाळेत मध्येच हिचा वर्ग बदलला, तर ह्या आमच्या बाईसाहेबांनी बोलणंच टाकलं. डबा जसाच्या तसा परत. मी दिवसभर मशीनवर, सर. इथेही तेच झालं तर माझ्याच्याने निभायचं नाही. वसतिगृहात घालावं लागेल."

पोर तेव्हा आत्याच्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत उभी होती. सरांना तिची दया आली, आणि दया आली की माणूस बोलू नये ते बोलून बसतो. "तू मला रोज विचार," ते म्हणाले. "उद्या काय ते मी सांगेन. आणि मी सांगेन तसंच होईल."

तसंच झालंही, बरेच दिवस. डबा रिकामा जायला लागला. मग मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या डोक्यात नवा विचार आला.

"हल्लीची मुलं जरा काही बदललं की हातपाय गाळतात," त्या म्हणाल्या. "त्यांना सवय लावली पाहिजे. आठवड्यातून एक तास ठेवा. काहीतरी अचानक करायचं."

"अचानक म्हणजे केव्हा?" सरांनी विचारलं.

"तुम्हीच ठरवा."

सरांनी ठरवलं. पट्टी घेतली, रेघ मारली आणि गुरुवारच्या तिसऱ्या घरात सुवाच्य अक्षरात लिहिलं : अचानक.

मुलांची चंगळ झाली. कधी जागा बदल, कधी डाव्या हाताने लिही, कधी गाण्याच्या बाई येऊन गणित शिकवणार. वर्गात 'भोपळा' नावाचा एक गोलमटोल आणि तोंडाळ मुलगा होता, तो बुधवारपासूनच सुरू व्हायचा, "सर, उद्या अचानक आहे ना? मग मी गृहपाठ आणत नाही. अचानक विसरतो."

"सर, एखाद्या गुरुवारी अचानक, अचानक रद्द झालं तर?" दुसरा कुणी विचारायचा.

वर्ग हसायचा, सरही हसायचे. फक्त 'उद्या'च्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं त्यांना दिसायचं. पहिल्या गुरुवारच्या आदल्या दिवशी ती टेबलापाशी आली, तेव्हा "उद्या काय?" असं तिने दोनदा विचारलं. सर खाली वाकले आणि हळूच म्हणाले, "उद्या जागा बदलणार. तू पाण्याच्या माठाजवळ. दुसऱ्या दिवशी पुन्हा खिडकी. कुणाला सांगू नकोस हं."

मान हलली. गुरुवारी सगळा वर्ग कालवा करत असताना ही शांतपणे उठली आणि माठाजवळ जाऊन बसली.

मग ते दर बुधवारी होऊ लागलं. यात काय बिघडलं, सर मनाशी म्हणायचे. पोरीला धीर येतोय. तरी बुधवार आला की त्यांना चुकल्यासारखं व्हायचं. एकदा मोठ्या बाई गुरुवारचा तास बघायला आल्या आणि नंतर सगळ्या शिक्षकांसमोर म्हणाल्या, "सगळ्यांत तयार मुलगी कुठली म्हणाल तर ती खिडकीशेजारची. काही झालं तरी डगमगत नाही." त्यांनी आत्यालाही बोलावून तेच सांगितलं. आत्याने जाताना सरांना हात जोडले. सर आपल्याच पायांकडे बघत राहिले.

पुढे शाळेच्या जुन्या इमारतीच्या भिंतीला तडा दिसला. पेन्सिलीच्या रेघेएवढा होता. पण माणसं आली, भिंती ठोकून गेली, पुन्हा आली. शिक्षकांच्या खोलीत कुजबुज सुरू झाली : वर्ग हलवणार, नाही हलवणार, परीक्षेनंतर, सुटीत. मोठ्या बाईंनी बजावलं, "नक्की कळेपर्यंत मुलांना एक अक्षर सांगायचं नाही."

पण मुलांना काय कान नसतात? भोपळ्याने तर शाळा पडणार असं जाहीरच केलं, वर तारीख ठरवायची जबाबदारीही घेतली. बाकं करकरू लागली, भांडणं वाढली, कुणीतरी सारखं पाणी प्यायला उठू लागलं. सर शिकवता शिकवता थांबायचे, आणि आपण भिंतीकडे बघतोय हे मुलांनी बघितलं की काय म्हणून घाईने पुढचं उदाहरण घालायचे.

शुक्रवारी 'उद्या'ने विचारलं, "सर, ते ठोकतात कशाला?"

"रंग देणार असतील."

"सोमवारी काय?"

सरांनी भिंतीकडे बघायचं टाळलं. "सोमवारी पहिला तास गणित. आपल्या वर्गात. खिडकीशेजारी."

मान हलली.

सोमवारी इमारतीभोवती दोर बांधलेला होता आणि दाराला कुलूप. सगळ्या वर्गांना सभागृहात बसवायचं म्हणे. मध्ये कपाटं उभी करून आडोसे केले होते. इकडच्या पाढ्यांत तिकडची कविता मिसळत होती. चौथीची मुलं आपापली दप्तरं घेऊन आत घुसली, जागांसाठी मारामारी झाली, भोपळा म्हणाला, "सर, हे खरं अचानक! भारी आहे!"

'उद्या' आत आली नव्हती.

ती दोराला धरून उभी होती. सर धावत गेले.

"हे अचानक आहे?" तिने विचारलं.

"हो गं."

"आज सोमवार आहे. अचानक गुरुवारी असतं."

सरांनी दोरावरचा तिचा हात सोडवायला घेतला.

"तुम्ही मला सांगितलं नाहीत."

"मलाच माहीत नव्हतं, बाळा."

"तुम्हाला नेहमी माहीत असतं," ती म्हणाली.

त्यानंतर ती काही बोलली नाही. सभागृहात नेलं तिथे बसली, भिंतीकडे तोंड करून. मधल्या सुटीत डब्याचं झाकण उघडलंही नाही.

संध्याकाळी आत्या न्यायला आली. तिने डबा हातात घेऊन हलवला आणि ओळखलं. "अहो सर, तुम्ही लोकच म्हणालात ना, ही आता डगमगत नाही?"

सरांना पळून जावंसं वाटलं. पण पोर दोघांच्या मध्ये उभी होती. "ती तयार झाली नव्हती," ते म्हणाले. "मी तिला आदल्या दिवशी सगळं सांगून ठेवत होतो."

आत्याचं मशीन थांबलं. मग ती म्हणाली, "म्हणजे पेपर फोडत होतात."

"हो."

"मग नापास तुम्ही, सर, आणि भोगायचं पोरीने?" तिने डबा पिशवीत टाकला. "या आठवड्यात बघते. शनिवारी मला सुटी आहे. तोपर्यंत डबा असाच येत राहिला, तर त्या दिवशी वसतिगृहात विचारून येते. मला हौस नाही, पण माझा तरी काय इलाज?"

घरी सरांचं जेवणात लक्ष नव्हतं. त्यांची बायको रुग्णालयात नर्स होती. ती ताटावर बसली तरी एक कान फोनकडे.

"उद्या कुठली पाळी?" सरांनी विचारलं.

"फोन आला की कळेल. लग्न झाल्यापासून रोज विचारताय आणि मी रोज हेच सांगतेय. कंटाळा कसा येत नाही हो?"

सरांचा घास हातातच राहिला. "मी रोज विचारतो?"

"नाही तर काय! शेजारच्या काकू तर मला म्हणतात, तुझ्या नवऱ्याचं 'उद्या कुठली पाळी' ऐकू आलं की आम्ही दिवे लावतो."

"आणि तुला माहीत नसतं, तेव्हा मी काय करतो?"

बायकोने त्यांच्याकडे नीट बघितलं. "बरं वाटत नाहीये का? काय करणार? झोपता. मी नसले तर किल्ली काकूंकडे. काकू नसल्या तर कुंडीखाली. आपलं ठरलेलंच आहे ना?"

रात्रभर सरांचं कूस बदलणं चाललं होतं. एवढं साधं असेल? आणि साधं असलं तरी ती ऐकेल का? ज्याने एकदा पेपर फोडला, त्याच्या शब्दाला किंमत काय?

मंगळवारी त्यांनी पट्टी हातात घेतली आणि तशीच खाली ठेवली. सभागृहात त्यांच्या वाट्याला फळाही आला नव्हता, कपाटाची पाठ आली होती.

"मुलांनो," ते म्हणाले, "आपण इथे किती दिवस बसणार, मला माहीत नाही."

वर्ग आनंदाने फुटला. "सरांना माहीत नाही! सरांना माहीत नाही!" कपाटापलीकडून पाचवीच्या बाईंनी शुक् शुक् केलं.

"मोठ्या बाईंनाही माहीत नाही," सर आवाज खाली आणून म्हणाले. "आणि मी शुक्रवारी रंगाचं बोललो, तेही उगीचच. तेव्हा आपण दुसरं ठरवू. समजा, ठरलं तसं नाही झालं, तर काय करायचं?"

मुलांना तेवढंच हवं होतं. बाबा न्यायला आले नाहीत तर फाटकापाशी थांबायचं. फाटक बंद झालं तर आत ओरडायचं. भोपळा म्हणाला, "मला बाकच मिळालं नाही, तर मी सरांच्या खुर्चीवर बसेन. सर नाहीतरी उभेच असतात." हसणं झालं, पण भांडणं मात्र त्या दिवशी जरा कमी झाली. 'उद्या' भिंतीकडे बघत होती. डबा बंद.

शाळा सुटली. ती टेबलापाशी आली नाही. येईल कशी? टेबल होतंच कुठे? सरच गेले आणि तिच्याशेजारी जमिनीवर बसले. उठताना गुडघे कुरकुरणार हे ठाऊक होतं, तरी बसले.

"उद्या काय ते मला माहीत नाही," ते म्हणाले. "सभागृह असेल बहुधा. नसलंच, तर तू नळाजवळच्या पायरीवर बस. मी तिथे येतो."

ती भिंतीकडेच बघत होती. 

"मला उशीर झाला तर शिपाईमामा असतील. त्यांना विचार."

आत्या फाटकापाशी आलेली दिसत होती. सर उठायला लागले.

"आणि मामा नसले तर?"

आवाज खरखरीत होता, दोन दिवस न वापरलेला. सर पुन्हा खाली बसले. काकू नसल्या तर कुंडीखाली. पण मामा नसले तर? त्यांनी शोध शोध शोधलं. 'असं होणारच नाही' हे अगदी ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"मला नाही सुचत," ते म्हणाले. "तूच सांग."

तिने विचार केला. बूट जमिनीवर घासत केला. "तर मी पायरीवर बसून डबा खाईन," ती म्हणाली. "तोपर्यंत भूक लागेलच ना."

बुधवारी सर नेहमीपेक्षा लवकर निघाले. पण फाटकातच मोठ्या बाईंनी गाठलं. सभागृहही बंद, छताची काहीतरी शंका आली होती. रस्त्यापलीकडे एक रिकामं गोदाम मिळण्यासारखं आहे, ते आत्ताच्या आत्ता बघायचं, किती बाकं मावतात ते मोजायचं, शिपाईमामांनाही सोबत घ्यायचं.

"बाई, मला आधी नळाजवळ जायचंय."

"पाणी नंतर प्या हो!"

सर त्यांच्यामागे गेले. गोदामात धूळ होती, खिडक्या उंचावर होत्या. मोठ्या बाई विचारत होत्या, चौथी कुठे बसवू या, आणि सर हो हो म्हणत दाराकडे बघत होते. मामा इथे. आपण इथे. घंटा वाजलेली त्यांना ऐकू आली. शेवटी बाई टेप धरा म्हणाल्या, तेव्हा ते टेप मामांच्या हातात देऊन निघालेच. मागून हाक आली, त्यांनी वळून बघितलं नाही. रस्ता ओलांडताना एक सायकलवाला शिव्या घालून गेला.

पटांगणात मुलं सैरावैरा झाली होती. भोपळा फाटकावर चढला होता. सर गर्दीतून वाट काढत नळाकडे गेले. पायरी मुलांच्या पायांमुळे आधी दिसेना.

मग दिसली. ती बसली होती. चेहरा पांढराफटक, डावी मूठ दप्तराच्या पट्ट्यावर इतकी आवळलेली की बोटं लाल झालेली. मांडीवर डबा उघडा होता आणि ती चावत होती. एकेक घास बळेच, औषध घ्यावं तसा, पण चावत होती.

"तुम्ही नाही आलात," ती तोंडात घास धरून म्हणाली. "मामापण नाही आले."

"हो," सर धापा टाकत म्हणाले. "आणि सभागृहपण बंद आहे."

तिने घास गिळला. "मग आता कुठे?"

"एक गोदाम आहे. बहुधा तिथे. नक्की नाही माहीत."

तिने गोंधळलेल्या पटांगणाकडे बघितलं, मग डब्यात बघितलं. झाकण उचलून दाबून लावलं.

"मग अर्धा ठेवते," ती म्हणाली, आणि उठून उभी राहिली.