सिल्व्हर पेंट

भिलाईत जे हलत नाही त्याला सिल्व्हर पेंट मारतात आणि जे हलतं त्याला हळदीकुंकू लावतात. विश्वकर्मा पूजेला तर दोन्ही एकदम. आमच्या ह्यांचं लहानपण भंडाऱ्याकडच्या शेतात गेलं, इथल्या स्टील प्लांटमध्ये आल्यावर माया करायची ही एवढीच रीत त्यांना दिसली.

हे, म्हणजे शालिकराम, प्लांटमधून क्लबच्या तरणतलावावर बदलून आले, तेव्हा तिथे एक मशीन होतं. कोण्या परदेशी इंजिनियरांसाठी कधीकाळी आणलेलं. कूलरहून मोठं, वर पंखा, आणि बाजूंना ॲल्युमिनियमची कागदासारखी बारीक पाती, एकाला एक खेटून. ते हवेतली ऊब ओढायचं आणि तलावाच्या पाण्याला द्यायचं.

"थंडीतल्या हवेत ऊब कुठून येते जी?" मी विचारलं.

"असते. आपल्याले नाही समजत, तिले समजते."

ह्यांच्या लेखी मशीन बाईमाणूस होतं.

आमच्या नलूच्या पायाला पोलिओ. डॉक्टर म्हणाले होते, कोमट पाण्यात रोज चालवा. पाणी अंगाचा भार उचलतं, ऊब पाय सैल करते. क्लबचे सेक्रेटरी बाबाराव साहेब नागपूरकडचे, जरा आपुलकीचे. म्हणाले, "दुपारी तलाव रिकामाच असतो, आणत जा पोरीला. पण ते मशीन सांभाळ, शालिकराम. गेलं तर दुसरं येणार नाही."

मग काय, ह्यांनी ते गोठ्यातल्या दुभत्या गाईसारखं सांभाळलं. प्लांटच्या धुराड्यांची काळी भुकटी रोज मऊ ब्रशाने झाडायचे. पातं वाकलं तर सरळ करायला माझी उवांची फणी गेली, ती परत आली नाही. मेंदीचं कुंपण जवळ आलं की छाटायचे. "तिचा श्वास कोंडते," म्हणायचे. मला दमा लागायचा तेव्हा एवढी चौकशी नव्हती, असं मी म्हटलं, तर हसले फक्त.

त्या हिवाळ्यात नलू छातीभर पाण्यात काठ न धरता चालली.

"आई, पाय माझं ऐकून राहिला!"

डॉक्टरांनी पाय दाबून पाहिला. अजून एक हिवाळा असाच मिळाला, तर पायाला बांधायचा कमरेपर्यंतचा लोखंडी कॅलिपर गुडघ्याखाली येईल, म्हणाले. पण आताच, हाडं पक्की झाली की नाही. त्या संध्याकाळी ह्यांनी मशीनपुढे उदबत्ती लावली.

सप्टेंबरात विश्वकर्मा पूजा आली. पावसाने पात्यांवर पांढरे डाग धरले होते. हे डबाभर सिल्व्हर पेंट घेऊन बसले.

"पात्यायलेही मारता?" मी विचारलं.

"मग? सडून जातीन ना वो. पोरीचा हिवाळा आहे."

दोन हात मारले. खोल, एकही फट न सोडता. वर झेंडूचा हार घातला, नलूने नारळ फोडला. मशीन असं चमकत होतं, की येणारा-जाणारा थांबून बघे.

दिवाळीनंतर ते चालू केलं. पंखा फिरला, पण पाणी गारच. पात्यांवर बर्फाचा थर चढला. हे बंद करत, बर्फ वितळू देत, पुन्हा चालू करत. एका सकाळी जळका वास आला आणि पंखाही थांबला.

रायपूरहून मेकॅनिक आला. त्याने नखाने रंग खरवडला.

"भैया, ये पेंट किसने मारा? हवा जाने की जगह ही नहीं छोड़ी। कंप्रेसर जल गया।"

"मैंने मारा।"

"क्यों?"

"पूजा थी साहब।"

तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. बाबाराव साहेबही रागावले नाहीत. "जाऊ दे शालिकराम, मेंबर लोक उन्हाळ्यातच तर येतात," म्हणाले आणि गाडीत बसले. ह्यांची नोकरी गेली नाही, कुणी मेमोसुद्धा दिला नाही. हे रोज दुपारी फणीने रंग खरवडत बसायचे. जळलेल्या मशीनचा. फणीचे दात तुटले तरी.

थंडी वाढली तशी नलूच म्हणाली, "चला ना तलावावर."

"पाणी थंड आहे बेटा," हे म्हणाले.

"मले कुठं थंडी लागते?"

ती उतरली. मागोमाग हे, पँट-शर्टासकट. मी काठावर टॉवेल घेऊन उभी. नलूने एक पाऊल टाकलं, दुसरं टाकायला गेली आणि पाय आखडला. तिने बापाचा दंड धरला.

"थंड नाही लागून राहिलं, बाबा."

तिचे ओठ जांभळे पडले होते.

"हो, कोमटच आहे," हे म्हणाले. दात वाजत होते.

पलीकडे मशीन उन्हात चमकत होतं, पूजेचा वाळका हार तसाच. हे नलूला उचलून वर घेऊन आले. मी टॉवेलात गुंडाळून पाय चोळायला लागले. लाकूड चोळावं तसा तो माझ्या हातात होता.

"उद्या ऊन चढल्यावर येऊ," नलू म्हणाली.

"येऊ," हे म्हणाले.

मी चोळत राहिले.