मायाक्काची फेरपरीक्षा

“कागद कोरा ठेवायचा नाही हं मायाक्का. मी इथंच बसलेय डोक्यावर,” मी म्हणाले आणि खुर्ची ओढून खरंच तिच्या समोर बसले.

“न्हाय ठेवत, बाई,” ती म्हणाली आणि तिनं पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं.

वर्गात आम्ही दोघीच. मंद्रूपच्या पुढं सहा किलोमीटरवर, धनगरांच्या वस्तीला लागून आमची जिल्हा परिषदेची शाळा. पहिली ते पाचवी, दोन खोल्या, तेवीस पोरं. दुसरे सर बदलून गेले ते गेलेच. तेव्हापासून मुख्याध्यापक मी, शिक्षक मी आणि घंटा बडवणारीही मीच. शाळा सोमवारी उघडायची होती आणि त्याआधी एका मुलीची गणिताची फेरपरीक्षा घ्यायला मी सोलापूरहून तीस किलोमीटर स्कूटी हाणत आले होते. वर पत्रा तापून तडतडत होता.

मधली कितीतरी वर्षं आम्हाला कुणाला नापास करायचंच नव्हतं. पोरगं शाळेत येवो न येवो, ढकला पुढं. मग दोन-तीन वर्षांपूर्वी नियम फिरला. पाचवीची आणि आठवीची परीक्षा खरीखुरी. पन्नासात अठरा गुण मिळाले नाहीत तर जूनमध्ये फेरपरीक्षा, आणि तिथंही गाडं अडलं तर पुन्हा त्याच वर्गात. पालकसभेत मी हे चांगलं दरडावून सांगितलं होतं. “गंमत नाही आता! नापास झाला की परत पाचवीतच बसावं लागेल, सांगून ठेवते.” पालक पाच आले होते, पोरं मात्र सगळी दारात उभी राहून ऐकत होती.

पण मायाक्का? मायाक्का नापास व्हायची पोरगी नव्हे हो. भात शिजवणारी आमची जमीला रोज सकाळी चुलीवरून ओरडायची, “मायाक्का, आज कित्ते?” आणि ही जागेवरूनच सांगायची, “एकोनीस पोरं, एक किलो नऊशे गिराम!” तराजू नंतर यायचा. अशा पोरीला वार्षिक परीक्षेत गणितात सात गुण. बाकी विषय उत्तम, गणिताच्या पेपरावर मात्र दोन पानं कोरी. विचारलं तर म्हणाली, ताप होता. परीक्षेच्या आठवडाभर आधी तिनं मला विचारलं होतं, “बाई, कमी पडलं तर वरून मार्क देत्यात न्हवं? किती देत्यात?” मी म्हटलं, फार तर दहा. कशाला विचारतेस म्हणून साधी शंकासुद्धा मला आली नाही. अठ्ठावन्नाला टेकलेय मी, आणि अक्कल ही अशी.

तासाभरानं तिनं पेपर माझ्या हातात दिला. एकही ओळ कोरी नव्हती. मी तिथंच लाल पेन काढलं. छत्तीस गुणिले पंचवीस, नऊशे एक. सातशे चौऱ्याऐंशी भागिले सात, एकशे तेरा. चार हजार पाचशे आठ वजा एक हजार सहाशे एकोणऐंशी, दोन हजार आठशे तीस. बारा आणि सात सेंटिमीटर बाजूंच्या आयताची परिमिती, एकोणचाळीस.

पहिली दोन चुकली तेव्हा मला तिचा राग आला. चौथ्याला पेन थांबलं. प्रत्येक उत्तर बरोबर उत्तराहून एकानं जास्त. ज्याला येत नाही तो कसाही चुकतो, पण नेमका एकानं चुकायला आधी बरोबर उत्तर यावं लागतं. मी मागचं पान उलटलं. कच्च्या कामात सगळी गणितं पायरीपायरीनं सोडवलेली, सुबक, एकही खाडाखोड नाही. पहिल्याच्या शेवटी नऊशे लिहिलेलं होतं. उत्तराच्या पानावर त्याचं नऊशे एक केलं होतं. आणि वार्षिकचे ते सात? वरचे दहा धरले तरी सतराच.

“हे काय गं भवाने?” मी म्हटलं.

तिनं पेन्सिल खाली ठेवली. मग एकदम म्हणाली, “बाई, मला पास करू नगा.”

“का?”

“पास झालं की सावीला मंद्रूपला जावं लागतंय. बा धाडत न्हाय. पाचवी झाली की पुरं म्हनतोय, मग मेंढरामागं.” तिनं नाक पुसलं. “नापास झालं की हितंच बसता येतंय की. तुमीच सांगितलंसा, सभंत.”

मी तिला घरी जा म्हटलं. ती गेली. मी त्या पत्र्याखाली घाम पुसत बसून राहिले.

खरं सांगायचं तर गुण देणं माझ्या हातात होतं. उत्तर चुकलं तरी रीत बरोबर असेल तर अर्धे गुण देता येतात. रिकाम्या जागांना रीत नसते, त्या सोडून मी ते मोजून पाहिले. एकवीस भरत होते. म्हणजे पास. आणि नुसतं उत्तरच धरलं तर शून्य.

आता इथं थोडं मागचं सांगते. मायाक्काची आई निलव्वा ही माझीच विद्यार्थिनी. मी या वस्तीवर नवी आले तेव्हा ती पाचवीत होती. अशीच तल्लख, अशीच टाळूवर दोन वेण्या बांधलेली. ती पाचवीत पहिली आली. मी मंद्रूपच्या बाजारातून पेढे आणले, प्रगतिपुस्तकावर ठसठशीत ‘उत्तीर्ण’ लिहिलं आणि सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. त्या टाळ्यांनंतर निलव्वा शाळेत कधीच आली नाही. पंधराव्या वर्षी मामाच्याच पोराला, बिरप्पाला, दिली. त्यानंतर कितीतरी पोरींच्या पुस्तकांवर मी ‘उत्तीर्ण’ लिहिलं. सहावीला गेलेल्या मी बोटांवर मोजते, आणि एका हाताची बोटं पुरतात. माझ्या स्कूटीवरून न्यावं म्हटलं तर मी सकाळी सोलापूरहून मंद्रूपमार्गे इकडं यायची आणि या पोरींना त्याच वेळी इकडून मंद्रूपला जायचं. उलटी वाट. एसटी नाही, रस्त्यात ओढा, ऊस वाढला की दोन्ही बाजूंनी भिंत. बिरप्पाला तरी किती दोष द्यायचा?

म्हणून मी विचार केला. एक वर्ष. वर्षभर तिला इथं ठेवू. मी सहावीची पुस्तकं आणून शिकवीन, बिरप्पाच्या मागं लागेन, काहीतरी मार्ग काढीन. हे सगळं मी स्वतःला सांगितलं आणि ते खोटं नव्हतं. पण त्याच्याखाली दुसरं एक होतं, तेही आज सांगून टाकते. पुढच्या मेमध्ये मी निवृत्त होणार होते. घरी आमचे हे टीव्हीसमोर, मुलगा हैदराबादला. या एका वर्षात सकाळी शाळेत आल्यावर फाटकाशी मायाक्का नसेल, ही कल्पनाच मला सहन होत नव्हती. मला ती हवी होती हो. शेवटच्या वर्षाला तरी एक अशी पोरगी समोर हवी होती.

मी शून्य लिहिलं. सही केली. निकाल केंद्रावर पाठवला.

सोमवारी शाळा उघडली. प्रगतिपुस्तक हातात देताना मी जरा गंभीर चेहरा केला. मायाक्कानं ते वाचलं, छातीशी धरलं आणि अंगणात जी धूम ठोकली! “नापास झालो रं! म्या नापास झालो!” जमीला हातातला झारा तसाच धरून बाहेर आली. “या अल्ला, बाई, पोट्टीला ऊन लागलं का?”

पुढचे आठ दिवस मी आयुष्यात इतक्या आनंदानं शाळेला गेले नसेन. बिरप्पा मेंढरं घेऊन करमाळ्याकडं गेला होता, निलव्वा कामाला. मायाक्का माझ्याआधी शाळेत हजर. ती फळा पुसून ठेवायची, पहिलीच्या पोरांना ओळीत बसवायची, आणि जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघी पायरीवर बसून सहावीचं गणित करायचो. ऋण संख्या शिकवल्या तर म्हणाली, “म्हंजे नसलेल्या मेंढरांची मोजदाद की, बाई.” मी हसून हसून दमले. घरी यांनासुद्धा सांगितलं.

नवव्या दिवशी ती आली नाही. दहाव्या दिवशीही नाही. अकराव्या दिवशी शाळा सुटल्यावर मी वस्तीवर गेले.

बिरप्पा परत आला होता. त्यानं मला बाज टाकून दिली, पाणी दिलं. माणूस वाईट नाही. प्रगतिपुस्तक पत्र्याच्या पेटीवर ठेवलेलं दिसत होतं.

“मायाक्काला पाठवलं नाहीत?” मी विचारलं.

“नापास झाली की वो बाई.” तो अवघडून हसला. “दोनदा नापास. तिचा काय दोस न्हाय, आमच्या घराण्यात डोस्कंच न्हाय कुनाला. आता आनि येक वरीस बसवून काय करायचं? चाल म्हनलं मेंढरामागं.”

“अहो, डोकं आहे तिला! सगळी गणितं येतात. तिनं मुद्दाम चुकीची लिहिली.”

“मुद्दाम?” बिरप्पा मोठ्यानं हसला. “मुद्दाम कोन नापास व्हतंय व्हय? आनि येतंय तर तुमी पास करायचं हुतं की. तुमच्याच हातात हुतं न्हवं?”

वीस वर्षं पोरांना प्रश्न विचारत आले, पण असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

निलव्वा मला गाडीपर्यंत सोडायला आली. तिनं पदर डोक्यावर नीट घेतला, आजूबाजूला पाहिलं आणि हळू बोलली. “ह्यास्नी सांगून उपेग न्हाय, बाई. पन तुमाला म्हनून सांगते. उनाळ्यात मी लई भांडले. मंद्रूपात माजी धाकली भन हाय, तिच्याकडं ठिवू म्हनलं पोरीला. दोन दिस भाकरी खाल्ली न्हाय. शेवटाला म्हनलं ह्यो, पास झाली तर बघू.”

“मायाक्काला माहीत होतं हे?”

“न्हाय. म्हनलं, निकाल लागू दे, मग सांगावं. पास व्हनारच हुती की ती.”

मी हँडल घट्ट धरलं. “निलव्वा, मी तिला पास करू शकत होते. एकवीस भरत होते. मीच शून्य दिलं.”

तिनं माझ्याकडं पाहिलं. रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती मान हलवत राहिली, आणि मग अगदी साधेपणानं म्हणाली, “तुमी मला पास केलासा, बाई. हिला नापास केलासा. आमी दोगीबी हितंच हाय.”

दुसऱ्या दिवशी मी केंद्रप्रमुखांना, सोमशेखर साहेबांना, गाठलं. पेपर दाखवला, रीत दाखवली, गुण वाढवून द्या म्हणून हात जोडले. साहेबांनी चष्मा वर केला. “निकाल वर गेला, बाई. आणि फेरपरीक्षेची फेरपरीक्षा नसते. पोरगी पाचवीत आहे ना पटावर? मग बसवा की तिला वर्गात.” मी बिरप्पाकडं आणखी तीनदा गेले. एकदा माझ्या घरी सोलापूरला ठेवते म्हणाले, तर तो हात जोडून म्हणाला, “असं कसं वो, परक्याच्या दारात पोरगी.” चौथ्यांदा गेले तेव्हा घराला कडी होती.

जुलैच्या शेवटी एका सकाळी ओढा ओलांडून वर चढले आणि गाडी थांबवावी लागली. रस्ताभर मेंढरं. पुढं बिरप्पा होता, पार वळणापलीकडं, आणि मागं काठी घेऊन मायाक्का. डोक्याला बापाचा जुना पटका गुंडाळलेला. मला बघून ती पळत आली आणि गाडीपासून दोन हात अंतरावर थबकली.

“बरी आहेस?” मी विचारलं.

“व्हय.” ती गाडीच्या पिशवीकडं बघत होती. वह्या बाहेर डोकावत होत्या. “आज काय शिकवनार हाय, बाई?”

“पाचवीला अपूर्णांक.”

“त्ये मला येतंय.”

“माहीत आहे गं.”

“माजं नाव हाय न्हवं हजेरीत?”

“आहे. वर्षभर राहील.”

“मग बरं,” ती म्हणाली, जणू मीच काळजीत होते आणि तिनं माझी समजूत घातली. मला गाडीवरून उतरून तिला जवळ घ्यायचं होतं. पण तिनं एकदम मान वर करून सूर्याकडं पाहिलं आणि तिचा चेहरा बदलला.

“बाई, धा वाजत आलं! घंटीला उशीर व्हतोय.”

ती वळली. तोंडानं आवाज काढत, काठी आडवी धरत तिनं मेंढरं रस्त्याच्या कडेला रेटायला सुरुवात केली. काही डावीकडं, काही उजवीकडं. एक कोकरू पुन्हा पुन्हा मध्ये येत होतं, ते तिनं काखेत उचललं. मग दोन्ही हात पसरून, एका हातात काठी आणि काखेत कोकरू, ती मेंढरांना अडवून उभी राहिली. मध्ये गाडीपुरती वाट मोकळी झाली.

“जावा बाई,” ती म्हणाली. “वाट केलीया.”

पोरं फाटकाशी खोळंबली असतील. मी गाडी चालू केली आणि तिनं केलेल्या वाटेनं शाळेकडं निघाले.