अर्धा शब्द सांभाळणारी ट्रंक

मी जुनी ट्रंक आहे, मित्रांनो. पत्र्याची, हिरव्या रंगाची. झाकणावर दोन गुलाब होते. त्यातला एक घासून गेला आणि दुसऱ्याचा आता कोबी झाला आहे.

माझा जन्म एका लढाऊ जहाजाच्या पत्र्यातून झाला. ते जहाज तीन तोफा उडवून माहीमच्या खाडीत बुडालं, आणि कोळ्यांनी त्याचा पत्रा दातांनी ओढून किनाऱ्याला आणला. असं मी पूर्वी सगळ्यांना सांगत असे. खरं म्हणाल तर कुर्ल्याच्या एका पत्रेवाल्यानं तेलाचे डबे कापून मला जोडलं. आतल्या कोपऱ्यात अजून 'शुद्ध शेंगदाणा' ही अक्षरं वाचता येतात. तेवढी थाप माफ करा. पुढं जे सांगणार आहे ती थाप असती तर फार बरं झालं असतं.

मला राजारामनं विकत घेतलं. तो कोकणातला, गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचा. दरसाल गणपतीला मला घेऊन गावी जायचा आणि येताना माझ्या पोटात फणसाच्या आठळ्या नि कुळथाचं पीठ भरून आणायचा. संप झाला, गिरणी बंद पडली, राजाराम मुलुंडला एका कारखान्यात रखवालदार झाला आणि मी त्याच्या खाटेखाली गेले. तिथं दोन वर्षं एका मांजरीनं माझ्यावर संसार केला. मग राजारामच्या मुलीनं, सुलक्षणानं, मला बाहेर ओढलं.

सुलक्षणा तेव्हा बावीस वर्षांची. एम.ए. होऊन विद्यापीठाच्या एका संशोधनात लागली होती. बायकांची पाळी, बाळंतपणं, गर्भाशयाची दुखणी, असा विषय. ऑफिस अंधेरीला, भाड्याच्या दोन खोल्यांत. तिच्या वाट्याला मनोरी आलं. मार्वेच्या धक्क्यावरून होडीनं जायचं, वर पाऊस, खाली लाटा, आणि हातात तीनशे कागदी फॉर्म.

"बाबा, ही ट्रंक नेऊ?"

"ने गो," राजाराम म्हणाला. "नायतरी तिच्यात आता ठेवूक काय हा?"

अशी मी संशोधनाला लागले. पंच्याऐंशी साल, नुकतीच नारळी पौर्णिमा होऊन गेलेली.

मनोरीच्या बालवाडीच्या खोलीत आमचं ठाण असे. खुर्च्या लहान मुलांच्या, त्यांत बाया मावायच्या नाहीत. म्हणून फॉर्म काढून झाले की मला भिंतीला लावायचे आणि बाया माझ्यावर बसायच्या. मासळी विकून आलेल्या, केसांत अबोली, पदराला कोळंबीचा वास. मी त्यांचं वजन ओळखू लागले. सुखी बाई मधोमध बसते. दुखणं असलेली एका बाजूला कलून बसते. हे कुठल्याही फॉर्ममध्ये लिहिलेलं नव्हतं.

फॉर्म इंग्रजीवरून मराठीत आणलेला होता. सुलक्षणा वाचायची, "आपणांस श्वेतप्रदर आहे का?"

पहिल्याच दिवशी सोनूबाई बसली होती. वय पासष्ट, तोंडात मशेरी. ती विचार करून म्हणाली, "परदर? त्या नावाचा आमच्या गावात कोन नाय. गोराईला इचार."

सगळी खोली हसली. सुलक्षणाही हसली. ती हुशार मुलगी होती. तिनं फॉर्म बाजूला ठेवला आणि साध्या भाषेत विचारलं, "मावशी, खालून काही जातं का? त्रास होतो?"

मग मात्र बाया बोलू लागल्या. अशा बोलल्या की कुणी वर्षानुवर्षं कान दिलाच नव्हता हे माझ्यासारख्या पत्र्यालाही कळलं. एकीनं सांगितलं आणि दुसरी म्हणाली, माझंही तसंच. दार लोटून घेतलं जायचं. बाहेर पुरुष जाळी विणत बसलेले असायचे, त्यांना वाटायचं आत भजन आहे.

चौथ्या दिवशी मंजुळा आली. चाळिशीची, उंच, बोलायला फटकळ. माझ्यावर अगदी कडेला बसली.

"अंगावर जातंय गो, बाय. आधी पांढरं जायाचं. शिमग्यापासून लाल जातंय. पाळी नसली तरी."

"दवाखान्यात दाखवलंत?"

"दाखवलं. लाल गोळ्या दिल्या. मोठ्या हॉस्पिटलात जा बोलले. तिथं सकाळपासून लायनीत बसायचं आणि आत गेलं तर बाप्या डॉक्टर. मी नाय जायाची."

सुलक्षणानं तिला सांगितलं की या कामात एक सोय ठेवलेली आहे. ज्या बायांना त्रास निघेल त्यांच्या नावानं ऑफिसातून चिठ्ठी येईल. चिठ्ठी दाखवली की रांग नाही, आणि तपासायला बाईच.

"नक्की येल?"

"नक्की. मी लिहितेय ना तुमचं."

"मग तवर थांबते," मंजुळा म्हणाली आणि उठली. दारात वळून म्हणाली, "लिव नीट. शाळेत शिकलीस ना?"

आता नीट ऐका, मित्रांनो. फॉर्मच्या शेवटी 'इतर' नावाचा एक रकाना होता, अंगठ्याएवढा. सुलक्षणानं तिथं लिहिलं, 'अंगावर'. आणि थांबली. पुढचा शब्द होता 'जातं'. तो लिहायला तिचं पेन अडलं. फॉर्म ऑफिसातले पुरुष वाचणार. तिला वाटलं असेल, ही मुलगी काय काय लिहिते असं म्हणतील. फॉर्म ठेवायला तिनं माझं झाकण उघडलं होतं, तिचा कान लाल झालेला मला दिसला. तिनं मनाशी म्हटलं, मला कळतंय ना, मग झालं. मंजुळाच्या आधीच्या फॉर्मांवर तिनं असंच लिहिलं होतं आणि नंतरच्यांवरही असंच लिहिलं. एकशे बारा बायांच्या नावापुढं अर्धा शब्द.

फॉर्म माझ्या पोटात घेऊन आम्ही अंधेरीला परतलो. येताना होडीत कंबरभर लाट आली, पण माझ्या आत थेंब शिरला नाही. प्रमुख होते चंद्रप्रकाश सर. त्यांनी भर सभेत माझी तारीफ केली. "एकही कागद भिजलेला नाही. याला म्हणतात शिस्त." मी फुगले. पत्रा फुगला की बिजागरी कुरकुरते, तशी कुरकुरलेसुद्धा.

मग सुलक्षणाला गोवंडीला बाळांची वजनं घ्यायला पाठवलं आणि मी ऑफिसात राहिले. फॉर्मांवर आकडे घालायचं काम रतनचं होतं. रतन वाईट मुलगा नव्हता. घाटकोपरचा, आकडेमोडीत वाकबगार, लग्न व्हायचं होतं. सरांनी त्याला शब्दांची एक यादी दिली होती. प्रत्येक शब्दाला एक आकडा. त्या यादीत 'अंगावर' एकाच ठिकाणी होतं. क्रमांक चार : बाळाला अंगावर पाजते.

तो फॉर्म उचलायचा, 'अंगावर' वाचायचा आणि चार लिहायचा. एकशे बारा वेळा लिहिला. मी पाहत होते. आमच्या भाषेत बाळाला अंगावर पाजतात, दुखणं अंगावर काढतात, आणि बायकांचं जे जातं तेही अंगावरच जातं. हे ओरडून सांगायला मला झाकण होतं, पण जीभ नव्हती.

चिठ्ठ्या त्या आकड्यांवरूनच निघाल्या. चार आकड्याला चिठ्ठी नव्हती. पाजणाऱ्या बाईला कसला त्रास?

मे महिन्यात अहवाल छापून आला. सुलक्षणा गोवंडीहून आली होती. चहा चालला होता.

रतन म्हणाला, "सुलक्षणा, तुझ्या मनोरीच्या पाण्यात काहीतरी आहे हां. साठीच्या वरच्या नऊ बाया अजून पोरांना पाजतायत. झकास गाव आहे यार."

सगळे हसले. तीही हसली. मग कप बशीत ठेवताना तिचा हात थांबला.

"कोण म्हणालं पाजतात म्हणून?"

"तूच लिहिलंयस. अंगावर. बघ ना."

तिनं माझं झाकण उघडलं. गुडघ्यांवर बसून फॉर्म काढत गेली. सोनूबाई, पासष्ट, चार. मालन, एकाहत्तर, चार. मंजुळाचा फॉर्म हातात आला तेव्हा तो धरूनच तिनं मान वळवली.

"रतन, चिठ्ठ्या गेल्या?"

"कधीच. नोव्हेंबरात."

"मंजुळाला?"

रतननं यादी पाहिली. "चारवाल्यांना कशी जाईल?" म्हणाला, आणि मग त्याला कळलं. तो बिचारा पुढं कितीतरी दिवस माझ्याकडं बघायचा नाही.

ती सरांकडं गेली. दार उघडंच होतं.

"अहवाल दिल्लीला गेलाय, सुलक्षणा."

"एकशे बारा बायका आहेत, सर."

"पुढच्या वेळी शुद्धिपत्रक जोडू. आणि हे बघ, चूक तुझी आहे. शब्द पूर्ण का नाही लिहिलास?"

सरांचं म्हणणं खरं होतं, आणि तरी मला त्या माणसाची चीड आली.

दुसऱ्या दिवशी तिनं मला उचललं आणि आम्ही मनोरीला गेलो. मंजुळा ओटीवर बसली होती. उंच बाई वाळून अर्धी झाली होती. तिनं आधी सुलक्षणाकडं पाहिलं, मग तिच्या हातांकडं.

"चिठी आणलीस?"

"आणली," सुलक्षणा म्हणाली. होडीत बसून तिनं ती स्वतः लिहिली होती. सही स्वतःची, शिक्का नाही.

"मी बोलली ना ह्यांना," मंजुळा आत बघून नवऱ्याला म्हणाली, "येल म्हनून."

हॉस्पिटलात मी नव्हते. त्यांच्याबरोबर गेलेली सोनूबाई त्याच आठवड्यात माझ्यावर बसून शेजारणीला सांगत होती, ते मी ऐकलं. बिनशिक्क्याची चिठ्ठी कुणी पाहिली नाही. सकाळपासून रांगेत बसावं लागलं. डॉक्टर मात्र बाई मिळाली. तिनं तपासलं, हात धुतले आणि रागानं विचारलं, "एवढे महिने अंगावर का काढलंत?"

मंजुळा म्हणाली, "मी नाय काढलं. मी पयल्याच दिवशी सांगितलं."

सुलक्षणा बाजूला उभी होती. मंजुळानं तिच्याकडं बोट दाखवलं नाही. पाहिलंसुद्धा नाही. सोनूबाई म्हणाली, त्या पोरीनं एक थोबाडीत खाल्ली असती तर तिला बरं वाटलं असतं.

मंजुळा गणपतीआधी गेली. थापा मारण्यात माझा हात धरणारी वस्तू मुंबईत नाही, तरी ती बरी झाली ही थाप मला आजवर साधलेली नाही.

त्यानंतर सुलक्षणानं त्या कामाचा पगार नसताना घरोघर जाऊन एकशे अकरा फॉर्म पुन्हा भरले. या वेळी शब्द पूर्ण. अक्षर मोठं. रकाना पुरला नाही तर कागदाच्या मागं. ज्यांना गरज होती त्यांना दोघीदोघी करून ती स्वतः हॉस्पिटलात घेऊन गेली. किती बऱ्या झाल्या ते मला माहीत नाही, आणि कुणी मोजलेलंही नाही. ते नवे फॉर्म तिनं ऑफिसात आणले तेव्हा सर म्हणाले, "अभ्यास संपलाय. पण कागद ऑफिसचे आहेत, ते इथंच राहतील." कागद माझ्या पोटात होते, म्हणून मीही राहिले. राजाराम दोनदा मला न्यायला आला. "ट्रंक माझी हा," म्हणाला. त्याला अर्ज करायला सांगितलं.

आता अठ्ठ्याऐंशी साल चालू आहे. मी जिन्याखाली आहे. माझ्यावर पाण्याचा माठ ठेवतात, तो पाझरतो, आणि माझा तळ गंजत चालला आहे. समुद्रानं जे केलं नाही ते माठ करतो आहे. अहवालात मनोरीच्या बाया अजून ठणठणीत आहेत, पासष्टाव्या वर्षी बाळं पाजत आहेत. तो अहवाल काचेच्या कपाटात आहे.

मित्रांनो, मला रंग लावा, गुलाब काढा, असं मी मागणार नाही. मागायचं आहे ते दुसरंच. तुमची आई, मावशी, आजी कधी एका बाजूला कलून बसलेली दिसली तर विचारा, काय होतंय. ती म्हणेल, "काही नाही." ते उत्तर समजू नका. तिथंच बसून राहा. मग ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत, शेवटपर्यंत, लाज न धरता ज्याला सांगायचं त्याला सांगा. बाईनं सांगितलेलं असतं. ऐकणाऱ्यानं पुरतं पोचवायचं असतं.

आणि अंधेरीला कधी आलात, जिन्याखाली माठ दिसला, तर तो उचलून बाजूला ठेवा. कडी नुसती अडकवलेली आहे, कुलूप नाही. आत मंजुळाचा जुना फॉर्म सगळ्यांत वर आहे. तो अजून कोरडा आहे. तेवढा आधी वाचा.